सरकारी प्राथमिक शाळा 'चांगली' आहे हे ओळखायचं कसं?

नवीपालवी

लेक पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. सरकारी शाळेतच घालायचं हे घरात ठरलंय, त्यामुळे 'खासगी का नको' यावर कृपया प्रबोधन नको. ते सासर-माहेर दोन्हीकडून भरपूर झालंय.

चालत जाण्यासारख्या दोन शाळा आहेत. पहिलीचं नाव मोठं. भिंतीभर चित्रं, पायऱ्यांवर पाढे रंगवलेले, स्पर्धा परीक्षांत मुलं चमकतात आणि त्यांच्या फोटोंचा फलक फाटकावरच लावलेला. दुसरी जुनी, बैठी, पट कमी. तिच्याबद्दल कोणी वाईट बोलत नाही, चांगलंही बोलत नाही. कोणी काही बोलतच नाही.

ज्यांना विचारलं त्यांनी स्वतःच्या मुलांबद्दल सांगितलं. 'आमचा तिथेच शिकला, आज इंजिनिअर आहे.' पण तो तिथे शिकला म्हणून झाला की तिथे शिकूनही झाला, हे कसं कळणार? दोन्हीकडे एक दिवस जाऊन बसायची परवानगी मिळेल असं दिसतंय. काय बघू? काय विचारू?

टवाळ

ज्या शाळेच्या फळ्यावर 'बडबड करणारे' या मथळ्याखाली माझं नाव अजून पुसलेलं नसेल, ती सोडून कुठलीही चालेल.

जुनाजाणता

स्वच्छतागृह बघा. मुलांचं हं, शिक्षकांचं नव्हे. पाहुणा आल्यावर किल्ली शोधायची पळापळ झाली तर समजा, एरवी ते कुलपातच असतं. नळाला पाणी येतं का, मुलींच्या बाजूला आतून कडी लागते का, हे स्वतः हात लावून बघा. जायला धड जागा नाही म्हणून पोरं दिवसभर पाणी पीत नसतील, तर दुपारच्या तासाला त्यांच्या डोक्यात काय शिरणार आहे? बाकी सगळं नंतर.

टवाळ

दुसऱ्याच प्रतिसादाला धागा स्वच्छतागृहात गेला. नवा उच्चांक.

जुनाजाणता

हसा लेको. मुलगी शाळेत जाऊ लागली की कळेल.

आकडेमोडे

ऐकीव गोष्टी बाजूला ठेवा आणि निकाल मागा. एका वर्षाचा नको, निदान चार वर्षांचे. आणि निकाल बघताना पट बघा. वर्गात १२ मुलं असतील तर एक मूल म्हणजे ८ टक्के. एकाला परीक्षेच्या दिवशी ताप आला की शाळा 'घसरली', पुढच्या वर्षी दोन हुशार भावंडं आली की 'झेप घेतली'. म्हणून कुठल्याही गुणवत्ता यादीत छोट्या शाळा दोन्ही टोकांना दिसतात, वरही आणि तळालाही. त्यात शाळेची करामत कमी, गणिताची जास्त. तुमच्या त्या कमी पटाच्या शाळेला हे लागू आहे, तेव्हा तिच्या एखाद्या वर्षाच्या आकड्यावर ना खूश व्हा, ना घाबरा.

अर्धविराम

निकाल मागा म्हणजे नक्की कुणाचा निकाल? मुलांचा, शाळेचा की आईबापांचा?

अमेरिकेत १९६६ साली कोलमन अहवाल आला. सहा लाखांवर मुलांची पाहणी होती. शाळाशाळांमधल्या इमारती, ग्रंथालयं, खर्च यांच्या फरकापेक्षा मुलाच्या घरच्या परिस्थितीचा त्याच्या गुणांशी जास्त संबंध दिसला. सरकारला अपेक्षा नेमकी उलटी होती. थोडक्यात, शिकलेल्या आईबापांची वस्ती शेजारी असली की शाळेचा निकाल आपोआप चांगला लागतो आणि फलक मात्र शाळेच्या फाटकावर लागतो.

आकडेमोडे

अर्धं सहमत. 'शाळेने काही फरक पडत नाही' असा त्या अहवालाचा सोयीस्कर अर्थ बरेच जण काढतात, तो चूक आहे. नंतरच्या अभ्यासकांनी एकाच मुलाचे वर्षावर्षाचे गुण लावून पाहिले, म्हणजे मूल कुठे आहे यापेक्षा वर्षभरात किती पुढे सरकलं ते मोजलं. तेव्हा शिक्षकाशिक्षकांत चांगलाच फरक दिसला. गंमत अशी की दोन शाळांमधल्या फरकापेक्षा एकाच शाळेतल्या दोन वर्गांमधला फरक पुष्कळदा मोठा निघतो. तेव्हा 'कोणती शाळा' इतकाच 'पहिलीला कोण शिकवणार' हाही प्रश्न आहे.

मीठाक्षर

आमच्यात ठाम समजूत आहे की सगळ्यात अनुभवी बाई वरच्या वर्गाला द्यायच्या, कारण परीक्षा तिथे असतात. पहिलीला जो नवा येईल तो. हे उलटं हवं ना?

खडूफळा

मीठाक्षर, अगदी उलटं हवं. सविस्तर संध्याकाळी लिहितो. १९ वर्षं पहिली-दुसरीच शिकवतोय, त्यामुळे या धाग्यावर गप्प बसणं जड जातंय.

सायलेन्सर

शाळा कुठलीही असो, आधी माध्यम ठरवा. माझ्या मते इंग्रजी

धागापाल

सायलेन्सर यांच्या प्रतिसादाचा पुढचा भाग आणि त्यावर आलेले १४ प्रतिसाद माध्यमाच्या जुन्या धाग्यावर हलवले आहेत. तिथे आधीचे सहाशे आहेत, सोबत होईल. इथे मूळ प्रश्नावर बोला.

वाटसरू

नवीपालवी, तुमच्या पहिल्या शाळेचं वर्णन वाचून पोटात गोळा आला म्हणून लिहितो. गावाचं, शाळेचं नाव सांगत नाही.

आम्हीही नावाजलेल्या सरकारी शाळेत मुलाला घातलं होतं. अशाच रंगीत भिंती, असाच फलक. मुलाचं अक्षर मोत्यासारखं. वह्या भरलेल्या, प्रत्येक पानावर बाईंची सही आणि 'छान'. मी ऑफिसातून आलो की वह्या चाळायचो आणि समाधानाने मिटायचो. तो तिसरीत असताना वीज गेली होती, सहज म्हणालो, तुझ्या वहीतली गोष्ट वाचून दाखव. त्याने वही हातात घेतली आणि कालचा धडा पाठ म्हणायला लागला. पान वेगळंच उघडलेलं होतं. बोट ठेवून एकेक शब्द विचारला तर त्याला येईना. स्वतःच्या हाताने लिहिलेलं त्याला वाचता येत नव्हतं. तो तीन वर्षं फळ्यावरून चित्र काढत होता.

नंतर चौकशी केली तेव्हा कळलं, प्रत्येक वर्गातली आठ-दहा मुलं 'निवडलेली' असायची. त्यांना वेगळं बसवून तयारी. फलकावर तीच. उरलेल्यांनी फळ्यावरचं उतरवून घ्यायचं आणि गडबड करायची नाही. शाळा वाईट नव्हती हो, त्या दहांसाठी उत्तम होती. आपलं मूल त्या दहांत नाही हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. पुढे घरी बसून बाराखडीपासून सुरुवात केली. वाचायला लागला दीड वर्षाने. तेवढ्यात त्याची शाळेबद्दलची गोडी गेली ती गेलीच.

मीठाक्षर

बापरे. मी आत्ता उठून मुलाला पेपर वाचायला लावला. (वाचला. पण आईला वेड लागलंय असं बघत होता.)

खडूफळा

वाटसरू, तुमचा मुलगा अपवाद नाही. भारतात 'असर' ही ग्रामीण पाहणी २००५ पासून चालते. ती शाळेत न जाता घरोघरी जाते, म्हणजे गैरहजर मूलही सापडतं. पाचवीतल्या मुलासमोर दुसरीच्या पातळीचा छोटा मजकूर ठेवतात. २०१८ मध्ये साधारण निम्म्यांना तो वाचता आला, २०२२ मध्ये ४२.८ टक्क्यांना. यात सरकारी आणि खासगी दोन्हीकडची मुलं आली. या सगळ्यांच्या वह्या कोऱ्या असतील का? नाही. भरलेल्याच असणार.

आता नवीपालवी, तुमच्या प्रश्नाकडे.

वह्या बघा, पण एक नको, एकाच वर्गाच्या पाच बघा. पाचही वह्यांत तेच उत्तर, त्याच शब्दांत, तिथेच ओळ तोडलेली असेल तर ते फळ्याचं काम आहे. मला चुका असलेली वही आवडते. मुलाने स्वतः वाक्य करून पाहिलंय, ऱ्हस्व-दीर्घाचा बट्ट्याबोळ आहे, शिक्षकाने त्यातली एकच चूक धरून खाली काहीतरी लिहिलंय, आणि दोन पानांनंतर तीच चूक कमी झालीय. अशी वही दिसली तर त्या वर्गात शिकवणं चालू आहे.

ग्रंथालय विचारू नका, सगळे कपाट दाखवतात. कपाटातली पुस्तकं बघा. कोपरे कोरे करकरीत असतील तर ती फक्त मोजली जातात. आमच्याकडची अर्धी पुस्तकं चिकटपट्टीवर जगतात आणि तपासणीच्या वेळी मला त्याबद्दल बोलणी बसतात. बसू देत.

आणि एकच प्रश्न विचारायची मुभा असेल तर मुख्याध्यापकांना हा विचारा: 'दुसरी संपलेल्या मुलांपैकी अजून वाचता न येणारी किती आहेत, आणि त्यांचं तुम्ही काय करता?'

'एकही नाही' असं उत्तर आलं तर सावध व्हा. १९ वर्षांत माझा एकही वर्ग असा नव्हता. कोणी उशिरा दाखल होतं, कोणाचं घर दर सहा महिन्यांनी हलतं, कोणाला नीट ऐकू येत नसतं आणि ते कळायलाच वर्ष जातं. अशी मुलं आहेत हे ज्या शाळेला माहीत आहे, ती निदान जागी आहे.

अर्धविराम

खडूफळा, प्रतिसाद छापून भिंतीवर लावण्यासारखा. पण मुख्याध्यापक अनोळखी पालकाला खरा आकडा का सांगतील? आकडा बाहेर गेला की गळ्यालाच येणार. निकालावर बक्षीस आणि शिक्षा टांगली की आकडे बिघडतात. डोनाल्ड कॅम्पबेल हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ १९७०च्या दशकात हेच सांगून गेला. अमेरिकेतल्या अटलांटा शहरातल्या सरकारी शाळांत काय झालं आठवा. परीक्षेनंतर शिक्षकच मुलांच्या उत्तरपत्रिकांतली चुकीची उत्तरं खोडून बरोबर करत होते. २०११ च्या राज्य सरकारच्या चौकशीत तपासलेल्या ५६ पैकी ४४ शाळांत गैरप्रकार आढळले, पावणेदोनशेच्या वर शिक्षक-मुख्याध्यापक अडकले. आधी त्याच शाळांचं कौतुक झालं होतं.

टवाळ

म्हणजे आयुष्यात प्रथमच शिक्षकांनी विद्यार्थ्यांची कॉपी पकडली नाही, थेट विद्यार्थ्यांसाठी केली.

खडूफळा

अर्धविराम, रास्त शंका. सांगतीलच असं नाही. पण उत्तराची तऱ्हा बघा. शिपायाला हाक मारून फाइल मागवतात, की विषय बदलून नव्या संगणकांकडे नेतात, की 'पालकच लक्ष देत नाहीत' सुरू करतात? (हे तिसरं मीही थकलो की म्हणतो. खरंही असतं. पण ते उत्तर नव्हे.)

सातासमुद्रापार

इंग्लंडमध्ये ऑफस्टेड नावाची तपासणी संस्था आहे. वर्षानुवर्षं ती सगळ्या शाळेला एक शिक्का द्यायची. 'उत्कृष्ट', 'चांगली', 'सुधारणा हवी', 'अपुरी', संपलं. लोक त्या एका शब्दावर घरं घ्यायचे. आम्हीही घेतलं. शिक्का 'उत्कृष्ट' होता, पण तपासणी होऊन इतकी वर्षं झाली होती की तेव्हाच्या मुख्याध्यापिका केव्हाच निवृत्त झालेल्या. सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांसाठी एकशब्दी शेरा बंद झाला, आता वेगवेगळ्या बाबींचं प्रगतिपुस्तक देतात. तिकडे फिनलंडने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच शाळा तपासणी बंद केली. देशभर सगळ्या मुलांची एकसारखी परीक्षाही प्राथमिकला नाही, नमुना निवडून पाहणी करतात. म्हणजे तिथल्या पालकाला यादी बघून शाळा निवडायची सोयच नाही.

सायलेन्सर

फिनलंडचं नाव येणारच होतं. पैज जिंकलो.

खिडकीजवळ

मी फार लिहीत नाही, पण एक गोष्ट. वर्गात मागे बसायला मिळालं तर बाईंनी प्रश्न विचारल्यावर त्या किती वेळ थांबतात ते मनात मोजा. मेरी बड रो या अमेरिकी संशोधक बाईंनी वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून हे मोजलं होतं. बहुतेक शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याला विचारतात. तीन सेकंद थांबायला लावलं तर मुलांची उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलायला लागली.

मी एरवी न बोलणाऱ्यांतली. मला उत्तर यायचं, पण ते तोंडात येईपर्यंत प्रश्न पुढे गेलेला असायचा. चौथीच्या बाई थांबायच्या. सगळा वर्ग माझ्याकडे बघतोय आणि बाई शांतपणे खडू हातात फिरवतायत. तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण बोलायला तिथेच शिकले.

जुनाजाणता

छान लिहिलंत. फार लिहीत नाही म्हणता ते सोडा आता.

आकडेमोडे

वर्गातली मुलं मोजायची राहिलीत. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं प्रयोग झाला. मुलं आणि शिक्षक चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून काही वर्ग १३ ते १७ मुलांचे, काही २२ ते २५ चे केले. लहान वर्गातली मुलं वाचन-गणितात पुढे गेली, गरीब घरच्या मुलांना फायदा जास्त झाला. म्हणजे त्या जुन्या शाळेचा कमी पट हा दोष नसून भांडवल असू शकतं.

खडूफळा

भांडवल असू शकतं, सापळाही असू शकतो. पट कमी म्हणून शिक्षक दोनच, आणि पाच इयत्ता. एका बाजूला पहिलीची अक्षरओळख, दुसऱ्या बाजूला चौथीचे अपूर्णांक, मध्ये मी. येतं करता, पण कसब लागतं आणि तयारी दुप्पट. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक आणि वर्षाला किमान २०० दिवस, ८०० तास शिकवणं ठरवून दिलंय. पण सरासरी ३० ला एक असली तरी शिक्षक वर्गात असतो का, हे वेगळं. गेल्या महिन्यात पहिलीचे शिक्षक बैठका, प्रशिक्षणं, पाहण्या यासाठी किती दिवस बाहेर होते ते विचारा. विचारताना आवाजात आरोप नको. त्या दिवशी वर्ग कोण बघतं, हा खरा प्रश्न.

लाल_शाई

मीही शिक्षिका आहे आणि हे सगळं वाचून जरा चीड आली म्हणून लिहिते. सेकंद मोजा, वह्या मोजा, कड्या ओढून बघा. आम्ही माणसं आहोत की वॉशिंग मशीन? तुम्ही आलात त्या दिवशी माझं डोकं दुखत असेल तर माझी शाळा नापास? कोणी विचारलं का, की पालक म्हणून तुम्ही शाळेसाठी काय करणार?

नवीपालवी

लाल_शाई ताई, बोललात ते लागलं, आणि ते बरोबर आहे. मी ग्राहक म्हणून नाही जाणार. भीती वाटते म्हणून विचारतेय, वाटसरूंचं वाचून जास्तच. तुम्हीच सांगा ना, तुमच्या शाळेत कोणी आलं तर त्याने काय बघावं असं तुम्हाला वाटतं?

लाल_शाई

मधली सुट्टी. वर्ग दाखवण्यासाठी नीट करता येतो, मैदान करता येत नाही. मूल पडलं तर ते कोणाकडे पळतं? मोठ्या माणसाकडे पळालं तर ठीक. कोणाकडेच न जाता भिंतीला लागून उभं राहिलं, तर त्या शाळेत मी माझं मूल घालणार नाही.

आणि बदल्या. मुख्याध्यापक किती वर्षं आहेत आणि पुढच्या वर्षी असणार का. तुम्ही ज्या बाई बघून शाळा निवडाल त्या तुमची लेक येईपर्यंत गेलेल्या असू शकतात.

(आधीचा सूर कडक झाला. आज खरंच डोकं दुखतंय.)

टवाळ

नवीपालवी, यादी झाली: कडी, वह्या, सेकंद, पुस्तकांचे कोपरे, मधल्या सुट्टीतली पडापड. एवढं बघितल्यावर शाळाच तुम्हाला नोकरी देईल.

नवीपालवी

तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा. दोन्ही शाळा बघून झाल्या.

फलकवाल्या शाळेत स्वागत जोरदार. मुलांनी स्वागतगीत म्हटलं, एका मुलीने खडखडीत भाषण केलं. वाचता न येणाऱ्यांबद्दल विचारल्यावर सर हसून म्हणाले, 'आमच्याकडे तसा प्रकारच नाही.' मग संगणक कक्ष. खडूफळांचा प्रतिसाद आठवून मला हसू आवरेना, ते आनंदाचं समजून त्यांनी दोन संगणक सुरूही करून दाखवले. पण खोटं कशाला सांगू, दुसरीच्या एका बाई सुरेख शिकवत होत्या, प्रश्न विचारून थांबत होत्या. मी मोजलं, चार सेकंद. त्यामुळे शाळा सरसकट वाईट म्हणवत नाही.

जुन्या शाळेत कोणी स्वागत केलं नाही. मुख्याध्यापिका स्वतः तिसरीवर तास घेत होत्या, अर्धा तास मला व्हरांड्यात बसवलं. मग तोच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, 'अकरा. नावं सांगू?' आणि टेबलाच्या काचेखालची चिठ्ठी काढली. पेन्सिलीने लिहिलेली. पुढे प्रत्येकाचं काय अडलंय ते: जोडाक्षरं, गैरहजेरी, एकाचा चष्मा. दोन नावं खोडलेली होती. विचारलं, ही गेली का शाळा सोडून? तर म्हणाल्या, 'नाही हो, ती वाचायला लागली.'

शिक्षक तीनच आहेत. भिंतींना ओल आहे. बाईंची निवृत्ती दोन वर्षांवर आलीय, तेव्हा त्या चिठ्ठीचं पुढे काय होणार ठाऊक नाही. मधल्या सुट्टीत एक मुलगा पडला, रडत आला तो थेट माझ्याकडेच, कारण व्हरांड्यात मीच मोठी बसले होते. हे कुठल्या रकान्यात धरायचं, लाल_शाई ताई?

अर्ज जुन्या शाळेत दिलाय. घरात अजून सांगितलेलं नाही.

लाल_शाई

थेट अनोळखी माणसाकडे आला म्हणजे मोठ्या माणसांची भीती नाही. उत्तम रकाना.

वाटसरू

ती चिठ्ठी वाचून काय वाटलं ते लिहिता येत नाहीये. मुलाला दाखवला तुमचा प्रतिसाद. आता नववीत आहे. त्याने पूर्ण वाचला आणि म्हणाला, 'माझं नाव कुठेच नव्हतं ना?'

आकडेमोडे

अकराचे नऊ झाले. नमुना लहान आहे. तरीही आनंद झाला.

जुनाजाणता

सगळं सांगितलंत, कडीचं राहिलं.

नवीपालवी

काका, कुलूप नव्हतं, पाणी होतं, कडी तुटलेली होती. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, पालकांपैकी कोणी बसवून देईल का? रविवारी नवरा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जातोय. कशासाठी ते त्याला अजून माहीत नाही.